भट्टीला दुपारी विचारा

"गिळलं! भट्टीनं गिळलं!"

असा गलका झाला आणि पावरहाऊसच्या हॉलमधल्या सगळ्या माणसांनी एकदम हात जोडले. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून ज्यांनी त्या हातात धरल्या होत्या, त्यांनी चपलांसकट जोडले.

गिळलं होतं ते पतंगाच्या कागदाचं एक चिटोरं. एका बाईनं त्यावर आपली गुडघेदुखी लिहून आणली होती. विझलेल्या भट्टीच्या लोखंडी तोंडाशी तिनं कागद धरला, बोटं सैल केली. कागद थरथरला, सुळकन आत गेला आणि काळोखात दिसेनासा झाला. कुणी ढकलला नाही, कुणी ओढला नाही. बाई लंगडत आली होती, ती लंगडतच परत गेली; पण चेहऱ्यावर असं तेज, की बघणाऱ्याला आपलेच गुडघे बरे झाल्यासारखे वाटावेत.

"रोग म्हंजे काय रं लेकानो?" भट्टीशेजारी उभे असलेले भट्टीनाथ महाराज गरजले. "रोग म्हंजे लीकेज! अंगातला करंट गळतोय! आन् डॉक्टर काय देतोय? गोळी! गोळी म्हंजे काय?"

"शॉर्टसर्किट!" भक्त एका सुरात म्हणाले.

"आन् भट्टीमाता म्हंजे?"

"अर्थिंग!"

महाराजांच्या अंगात भगवी कफनी, गळ्यात चिनीमातीच्या जुन्या फ्यूजांची माळ आणि हातात तांब्याचा दंड होता. पायाशी एक टोपली; तिच्यात कोरे पतंगी कागद आणि महाराजांचा फोटो छापलेल्या अंगाऱ्याच्या पुड्या. पूर्वाश्रमी ते धैर्यशील नावाचे भंगाराचे ठेकेदार. पावरहाऊसमधलं तांबं न्यायला आले होते. तांबं संपलं, धैर्यशीलराव उरले.

पावरहाऊस म्हणजे आमच्या शहराचं जुनं वीजघर. संस्थानच्या काळात उभं राहिलेलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर तांबड्या विटा, पुरुषभर उंचीच्या कमानदार खिडक्या आणि एका अंगाला आभाळात घुसलेलं विटांचं धुराडं. बांधणाऱ्यानं यंत्रांसाठी बांधलं खरं, पण त्याच्या मनात राजवाडाच असणार. बैलगाड्यांनी कोळसा यायचा, भट्ट्या पेटायच्या, वाफेवर यंत्रं फिरायची आणि दिवेलागणीला पेठेतल्या म्हाताऱ्या रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला नमस्कार करायच्या. पुढं धरणाची वीज तारांवरून आली आणि भट्ट्या विझल्या. मग तिथं फुटके दिवे ठेवू लागले, मग मोडक्या खुर्च्या, मग काहीच नाही. आज वीजघराला विजेचं कनेक्शनसुद्धा नाही, आणि याचं कुणाला काही वाटत नाही.

महाराजांना मात्र त्याचा फार उपयोग झाला. वीजच नाही, तर पंखा कुठून येणार? शहरातल्या चार विवेकी मंडळींनी येऊन तपासणीही केली. महाराजांनी अडवलं तर नाहीच, उलट म्हणाले, "सकाळी या की पावणं, पोटभर बघा." मंडळी सकाळी आली. पंखा नाही, तार नाही, दोरा नाही, खालच्या भुयारात लपलेला माणूस नाही. पोटभर बघून मंडळी उपाशी परत गेली.

दरबाराचे नियम तीन. ज्यांनी औषधं सोडली त्यांची रांग सकाळी. ज्यांच्या पोटात अजून गोळ्या होत्या त्यांची दुपारी. सकाळच्यांचे कागद भट्टी गिळायची. दुपारच्यांचे थेट तोंडावर थुंकायची. असा कागद परत आलेला माणूस खाली मान घालून घरी जायचा, गोळ्यांची पिशवी आणून दाराजवळच्या निळ्या पिंपात रिकामी करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. आता मात्र भट्टी त्याचाच कागद, तेच अक्षर, आनंदानं गिळायची. याहून मोठा पुरावा कोर्टातसुद्धा मागत नाहीत. तिसरा नियम असा, की एकदा गिळलं की पुन्हा विचारायचं नाही. विचारलं तर मातेचा अपमान.

मी हे सगळं मजेनं बघत होतो. एप्रिलातली सकाळ, फुकटचा तमाशा, आणखी काय पाहिजे? आणि मग रांगेत मला मल्लेश दिसला.

मल्लेश आमचा शेजारी. गडहिंग्लजकडचा. शिवाजी पेठेत आमच्या भिंतीला लागून दोन खोल्यांत राहतो आणि शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करतो. त्याच्यामागं बायको सौंदर्या उभी होती आणि दोघांच्या मध्ये सुष्मिता. सुष्मिता आता सहावीत जाणार. अगदी लहान असल्यापासून तिला मधुमेह. रक्तातली साखर अंगी लावणारं इन्सुलिन जे तुमच्या-माझ्या अंगात आपोआप तयार होतं, ते तिच्या अंगात तयारच होत नाही. जेवायच्या आधी सुई, झोपायच्या आधी सुई. एवढं सोडलं तर पोरगी म्हणजे गल्लीचा भोंगा. आमच्या बोळात पोरांबरोबर फुटबॉल खेळते. गोल मारला की आधी बोट टोचून साखर बघते आणि मग नाचते.

"मल्लेश," मी विचारलं, "पोरीचं इंजेक्शन?"

त्यानं पिंपाकडं बोट केलं.

"अरे, सगळं?"

"सगळं. घरात एक ठेवलं तरी भट्टीला कळतंय म्हणं."

मी सौंदर्याकडं वळलो. ती माझ्याकडं न बघता बोलू लागली. "किती वर्सं टोचायचं ओ आबा? झोपंत नुसतं पांघरूण घालाय गेले तरी मांडी आखडून घेतीया. मी आई हाय का गांधीलमाशी हाय तिची? परवा पावणीबाय म्हनली, हिला कोन करून घेनार? मी म्हनलं, तुझ्या दारात न्हाय आनत. पन रातभर डोळा लागला न्हाय."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

"त्या म्हनत्यात जन्मभर," मल्लेश म्हणाला. "जन्मभर! हितं एक माणूस म्हनतोय की आज. तुमी कुनाचं ऐकलं असतं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते तीन पानांचं होतं आणि रांग पुढं सरकत होती.

"मल्लेश, हा माणूस भंगारवाला आहे."

"माणसाचं सोडा ओ. माणूस खोटं बोलतंय, मालक खोटं बोलतोय. भट्टी न्हाय बोलत. मी तिच्यासमोर उभा ऱ्हातोय रोज. साच्यात ओल ऱ्हायली तर उडवून दावती. लोखंडात खोट असली तर फोडून दावती. खंडेनवमीला आमी तिला हळदकुंकू लावतो ते उगंच न्हाय."

सुष्मितानं कागद धरला. त्यावर तिच्याच गोल अक्षरात 'माझी शुगर' असं लिहिलं होतं. भट्टीनं तो गिळला.

"मी आता जिलेबी खाऊ?" तिनं विचारलं.

"खा की!" महाराज म्हणाले. "पोटभर खा. कनेक्शन नवं झालंया तुजं!"

मी आवाज चढवला, अद्वातद्वा बोललो. लोक म्हणाले, "ओ म्हातारं, कडंला सरा, पाळी जातीया." शेवटी मल्लेशनंच मला हात जोडले. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. ही सोय सगळ्या बुवांनी फार पूर्वीच ओळखलेली आहे.

गिळलेल्यांनी अर्थिंग पक्कं होईपर्यंत तिथंच राहायचं असा शिरस्ता. पलीकडच्या यंत्रांच्या मोकळ्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. सुष्मिता तिथं बसून, हात चिकट करत जिलेबी खात होती. इतकी खूश मी तिला गोल मारल्यावरही पाहिली नव्हती. मला तिथं उभं राहवेना.

बाहेर येऊन मी डॉक्टर शाहिस्ताबाईंना फोन लावला. लहानपणापासून सुष्मिताला त्याच बघतात.

"इन्सुलिन कमी केलंय की बंद?"

"बंद. पिंपात टाकलंय."

मग त्या म्हणाल्या, "आबा, हे पथ्य मोडण्यासारखं नाही. हे नाक दाबून धरण्यासारखं आहे. आज बरी दिसेल. उद्या उलट्या सुरू होतील, मग धाप. त्याच्यापुढं मला बोलवत नाही. तिला आणा. कसंही करून आणा."

मी चौकीवर गेलो. "सकाळी माणूस पाठवतो," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठवलाही, अगदी वेळेवर. त्यानं आपल्या पित्ताचा कागद टाकून बघितला. तो भट्टीनं गिळल्यावर सलाम ठोकून तो परत गेला.

चौकीवरून परतलो त्या संध्याकाळी घरी माझी भाची संयोगिता होती. ती जुन्या इमारतींची वास्तुतज्ज्ञ आहे, आणि पावरहाऊस पाडावं की राखावं हे ठरवण्यासाठी त्याचे नकाशे काढायला मुद्दाम कोल्हापुरात आली होती. भिंतीची जाडी, कमानीचा उतार, छपराला आधार देणाऱ्या कैच्या, असलं मोजत दिवसभर तिथं हिंडायची. मी तिला सगळं सांगितलं. ती जेवता जेवता थांबली.

"मामा, गिळते ती फक्त सकाळी?"

"हो."

"आणि थुंकते ती फक्त दुपारी?"

"हो. का?"

"परवा दुपारी मी भट्टीपासून धुराड्याकडं जाणाऱ्या भुयारात उतरले होते. सगळी काजळी माझ्या तोंडावर आली. काळं तोंड घेऊन घरी आले म्हणून तुम्ही हसला होता. आणि त्याच जागी सकाळी उतरले, तर माझ्या हातातला नकाशा आत ओढला जात होता." ती ताटाकडं बघत राहिली. "मामा, औषधाचा काही संबंध नाही. धुराड्याचा आहे. पण दाखवायचं तर दुपार व्हायला पाहिजे. सकाळी ती काहीही गिळणार."

ऊन तापण्याची इतकी वाट मी जन्मात कधी पाहिली नव्हती.

तरी सकाळी आम्ही गेलोच. शाहिस्ताबाई स्वतः आल्या होत्या. दारातल्या स्वयंसेवकांनी त्यांना अडवलं. "डॉक्टर म्हंजे शॉर्टसर्किट," असं त्यातला एक जण अगदी आदरानं म्हणाला. आत सुष्मिता भिंतीला टेकून बसली होती. उलटी झाली होती. ती सारखं पाणी मागत होती आणि पाणी पोटात ठरत नव्हतं.

"रोगाचं इख उतरतंय," सौंदर्या मला म्हणाली. महाराजांनी तिला तसं सांगितलं होतं. पण ते म्हणताना ती पोरीच्या कपाळावरचा हात काढत नव्हती.

संयोगितानं सगळ्यांसमोर एक कोरा कागद भट्टीत टाकला. तो गिळला गेला. "बघा," ती म्हणाली, "यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. भट्टी वाचत नाही!"

महाराज क्षणभरही अडखळले नाहीत. "कोरा कागद! कोरं मन! बाईसाब, तुमच्या मनात रोगच न्हाय, म्हनून मातेनं तुमाला आधीच पदरात घेतलं! बोला, भट्टीमाता की..."

"जय!"

आमचं शास्त्र पहिल्याच चेंडूवर बाद. संयोगिताच्या पाया पडायला दोन बाया आल्या.

मी मल्लेशचा दंड धरला. "मल्लेश, पोरगी मरेल."

"आबा," तो म्हणाला, "आता माघारी न्हेली आन् तिला काय झालं, तर ते माज्यामुळं. भट्टीनं घेतलं हुतं आन् मी हिसकावून न्हेलं असं हुईल. तुमी समजून घ्या की." त्याचे डोळे तांबारले होते. रात्रभर तो पोरीचे पाय चेपत बसला होता. मला त्याचा राग येईना, हीच मोठी पंचाईत होती.

दुपार झाली. हॉलवरचा पत्रा तापून कडकड वाजू लागला. बाहेर शाहिस्ताबाईंनी आणलेली अँब्युलन्स उभी होती आणि तिच्यापुढं दुपारच्या रांगेतली माणसं फतकल मारून बसली होती. सुष्मिता आता पडून होती. डोळे अर्धे मिटलेले, छातीचा भाता जोरजोरात चाललेला. धावून आल्यावर लागते तशी धाप, आणि पोरगी तर जागची हललेली नव्हती. मी जवळ वाकलो. तिच्या श्वासाला गोड वास येत होता, जास्त पिकलेल्या चिकूसारखा.

"प्रसादाचा वास!" महाराज ओरडले. "लेकीच्या मुखातनं मातेचा प्रसाद दरवळतोय!"

मी फोनवर शाहिस्ताबाईंना तो वास सांगितला. त्या फाटकाशीच उभ्या होत्या. तरी फोनवरच बोलायची पाळी. "तो प्रसाद नाही, आबा. रक्तात विष तयार होतंय, त्याचा वास आहे तो. आता मिनिटं मोजायची. बाहेर काढा तिला."

संयोगिता सरळ मल्लेशसमोर जाऊन उकिडवी बसली.

"मल्लेशदादा, भट्टी खोटं बोलते का?"

"न्हाय."

"मग तिला आणखी एकदा विचारायला काय हरकत आहे?"

"न्हाय विचारायचं!" महाराजांनी तांब्याचा दंड आपटला. "एकदा गिळलं की..."

"तुमच्या भट्टीवर लोखंड एकदाच तपासता?" संयोगिता मल्लेशशीच बोलत होती. "की शंका आली की पुन्हा बघता?"

मल्लेश उठला. त्यानं कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, 'सुष्मिताची शुगर'. भट्टीच्या तोंडाशी जाऊन बोटं सोडली.

कागद उलटा फिरला आणि त्याच्या छातीवर येऊन चिकटला.

मग सौंदर्यानं "अय्यो!" म्हणून जो टाहो फोडला, तो अजून माझ्या कानात आहे.

"बघितलंसा?" महाराजांना तर हवं तेच मिळालं. "शंका घेतली! मातेनं रोग माघारी दिला! आता ह्याला मी जबाबदार न्हाय! ही बाई जबाबदार!"

लोक उठले. कुणीतरी संयोगिताला मागं ढकललं. सौंदर्या भट्टीसमोर कपाळ आपटत होती आणि मल्लेश छातीवरचा तो कागद हातात धरून नुसता उभा होता. पोरगी आता आपल्याच हातानं मारली असं त्याला वाटत होतं. आम्ही त्याला वाचवायला आलो होतो आणि त्याला होता तिथून आणखी खोल ढकललं होतं.

"थांबा!" संयोगिता ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "महाराज, तुमच्या अंगारा-पुडीवर तुमचा फोटो आहे ना? त्यात तर रोग नाही? त्यात तर औषध नाही?"

महाराज बोलायच्या आत तिनं शेजारच्या टोपलीतली पुडी फाडली, राख झटकली आणि महाराजांच्या फोटोचा कागद भट्टीच्या तोंडाशी धरून सोडला.

तो कागद गिरकी घेऊन आला आणि महाराजांच्या दाढीत जाऊन बसला. मागोमाग भट्टीतून काजळीचा एक लोट आला. महाराजांच्या दाढीत महाराज, आणि दोघेही काळे.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग गप्प झालं. पण ते हसू एकदा झालं ते झालंच.

"म्हाराज," दुपारच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "तुमी बी गोळ्या खाताय व्हय?"

मल्लेश मात्र हसला नाही. तो पुढं गेला. भट्टीवर काम करणारा माणूस भट्टीला कसा हात लावतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यानं बाही वर केली, उघडा हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून स्थिर उभा राहिला.

"गार वारं येतंय," तो म्हणाला. "आतनं." मग त्यानं संयोगिताकडं बघितलं. "सकाळी कसं वडून घेती मग?"

"गावाकडं तुमचं घर मातीचं आहे ना, जाड भिंतींचं?"

"हाय."

"भर दुपारी आत कसं वाटतं?"

"गार."

"आणि पहाटे?"

"ऊब असती."

"हे धुराडं म्हणजे उभं केलेलं तसलंच घर. मी भिंत मोजलीय, दोन हात जाड आहे. तापायला वेळ, निवायला वेळ. पहाटे बाहेर गारवा आणि आत कालची ऊब. ऊबदार हवा हलकी, ती वर चढते आणि तिच्या मागं इथली हवा ओढली जाते. दुपारी बाहेर आग आणि आत गारवा. गार हवा जड. ती खाली बसते आणि या तोंडातून बाहेर पडते. कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही."

मल्लेशनं हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा झालेला. त्याच्याकडं तो बघत राहिला.

"म्हंजे भट्टी खोटं न्हाय बोलली," तो हळूच म्हणाला. "म्या तिला भलतंच इचारलं. तिला गार-गरम कळतंय. शुगर कुटली कळाय?"

मग तो धावला. सतरंजीवरून त्यानं पोरीला उचललं. तिची मान मागं कलंडली. "अप्पा," ती म्हणाली, की मला तसं वाटलं. सौंदर्या मागून पदर सावरत, ठेचाळत पळत होती. जाता जाता तिनं निळ्या पिंपात हात घालून इन्सुलिनचा खोका काढला.

दारातल्या स्वयंसेवकानं वाट सोडली नाही. मल्लेश त्याला फक्त म्हणाला, "बाजूला सर." स्वयंसेवक सरला. बाहेर बसलेली माणसं उठली. कुणी चपला उचलल्या, कुणी पोरं बाजूला घेतली आणि अँब्युलन्सच्या दारापर्यंत वाट झाली.

"हे टोचू का? हे चालंल का?" सौंदर्या खोका पुढं करत होती.

"उन्हात पडलेलं आहे, त्याचा भरवसा नाही," शाहिस्ताबाई म्हणाल्या आणि सुष्मिताच्या दंडावर शीर शोधू लागल्या. "माझ्याकडं आहे. तुम्ही हिचा हात धरा. सोडू नका." त्या एकदाही रागावल्या नाहीत. रागवायला त्यांच्याकडं वेळ नव्हता.

दवाखान्याच्या जिन्यात मल्लेश आणि सौंदर्या बसून होते. दिवे लागले तरी आतून काही कळेना. शाहिस्ताबाई एकदा येऊन "अजून सांगता येत नाही" म्हणून गेल्या. मल्लेशनं हात धुतला नव्हता. मी पाणी आणून दिलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे आबा. बघू दे जरा."

शेवटी त्या पुन्हा आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या. "धाप उतरलीय," म्हणाल्या. "हाक मारली तर डोळे उघडते. धोका टळलाय असं मी उद्या म्हणेन. आज एवढंच. तिनं विचारलंय, अव्वा कुठं आहे."

सौंदर्या उठली. दारापाशी थबकली. "आता सुई माझ्या हातानं घील का ती?" असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

गोष्ट इथं संपवली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पावरहाऊसपुढं पुन्हा रांग होती.

महाराज नव्हते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे हे कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं. माळ आणि दंड टाकून ते पसार झाले होते. आता पोलीस त्यांना शोधत आहेत. पण महाराज नसले म्हणून रांगेचं काही अडत नव्हतं. भट्टी होती ना! रांगेत पहिला उभा होता आमच्याच पेठेतला बाळासो. हृदयाचा आजार, गोळ्या पिंपात टाकून कागद गिळवून झालेला; आज पाठदुखीचा कागद घेऊन आला होता. मी त्याला हाताला धरून सगळं समजावलं: धुराडं, जाड भिंत, ऊब, गारवा.

"ते समदं खरं आबा," बाळासो म्हणाला. "पन माजं तर सकाळी गिळलं की!"

मी त्याच्या मागच्याला हाताला धरलं आणि पुन्हा धुराड्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात मल्लेश आला. अंगात कालचाच शर्ट. टोपलीतला एक पतंगी कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि रांगेकडं तोंड करून मोठ्यांदा वाचलं.

"ह्याच्यावर लिवलंय, 'मल्लेश शहाणा हाय.'"

त्यानं कागद भट्टीशी धरला. सकाळचा गारवा होता. कागद थरथरला आणि सुळकन आत गेला.

"गिळलं," मल्लेश म्हणाला. "बघा. हे बी गिळलं."

कुणी हसलं नाही. त्याच्या पोरीला सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग बाळासो रांगेतून बाहेर आला, निळ्या पिंपाशी गेला आणि आत वाकून आपली पिशवी शोधू लागला. त्याच्या मागं ती गुडघ्यांची बाई गेली. मग आणखी दोघं-तिघं. सगळी नाही. काही जण अजून उभेच होते. त्यांच्या घरी कुणीतरी असं पडलेलं असणार, की ज्याला डॉक्टर 'जन्मभर' म्हणालेत, किंवा त्याहूनही वाईट काही. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. राग धरायचा तर त्याच्या हाताशी काडी नेऊन धरणाऱ्याचा आणि वर "आता पोहणं बंद कर" असं सांगणाऱ्याचा धरावा.

पावरहाऊस बहुधा राहील. संयोगिताचे नकाशे पुरे झालेत. सुष्मिता पुन्हा बोळात खेळते आहे. परवा तिच्या चेंडूनं माझी खिडकी फुटली आणि काचेची चौकशी करायच्या आधी तिनं बोट टोचून साखर बघितली. त्या भट्टीपाशी एक पाटी लावायची ठरलंय. भट्टीचं साल, बांधणाऱ्याचं नाव, धुराड्याची उंची असा मजकूर संयोगितानं लिहिलाय. शेवटची एक ओळ मी घातलीय, आणि ती तुमच्यासाठीही आहे. चमत्कार बघायला जरूर जा. हात जोडायचे तर जोडा. पण औषध खिशात ठेवा, आणि तोच प्रश्न घेऊन दुपारी पुन्हा एकदा जा. जिथं दुपारी विचारायची बंदी आहे, तिथं सकाळीही विचारू नका.